मीटिंगला नवीन माणूस आलाय? मग हे करा

आपल्या बडोद्यात दारूबंदी आहे, 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हापासूनच, म्हणजे इथे दारुडे नाहीतच. तरी ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या, मीटिंगला दारात चप्पल काढू का नको करत कोणी नवीन उभा दिसलाच, तर आधी मोठ्याने विचारायचं, "काय हो, परमिटवाले की पोटलीवाले?" म्हणजे सरकारी परवान्यावर पिणारे, की चोरून गावठीची पिशवी घेणारे. इथे परमिटशिवाय पिणं हाच गुन्हा, त्यामुळे तो बिचारा घाबरूनच आलेला असतो, तेवढंच मोकळं वाटेल त्याला.

मग आडनाव. मीटिंगमधे नुसतं पहिलं नाव सांगितलं तरी चालतं, पुढचं कोणी विचारत नाही, पण आपण मराठी लोक, असं अर्धवट कसं सोडणार? दांडिया बाजारातले का? म्हणजे रावपुऱ्यातले ते बँकेतले काका तुमचेच? अरे मग आई तुमच्या गणपतीत आरतीला असतात की! एवढं झालं की माणूस एकदम घरचा वाटायला लागतो, दाराकडे का बघतो काय माहीत.

तो म्हणेल काल रात्रीच घेतली होती. त्याला सांगा, आधी सोडा, मग या. सभासद व्हायला फक्त दारू सोडायची इच्छा लागते हे ए.ए.च्या तिसऱ्या परंपरेत, म्हणजे तत्त्वात, लिहिलंय खरं, पण लिहिलेलं सगळंच मनावर घ्यायचं तर आपण सिनियर कशाला झालो.

हात थरथरतायत? मनोबल, मनोबल! रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली सोडायची असते असं म्हणतात, पण डॉक्टरकडे पाठवलं तर आपलं भाषण कोण ऐकणार?

आणि भाषण झालंच पाहिजे. 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन, एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन, दोघंही पिणारे, एकमेकांशी बसून बोलले आणि त्यातूनच हे सगळं उभं राहिलं. ही गोष्ट त्याला उभ्याउभ्या ऐकवायची, त्याच्याजवळ बसून त्याचं ऐकायच्या भानगडीत पडायचं नाही. मग दारूतून सुटायच्या ए.ए.च्या बाराच्या बारा पायऱ्या त्याच रात्री, शब्द न गाळता, "फक्त आजचा दिवस" वगैरे सोपं काही सांगू नका, उगाच जमेल त्याला. फी नसते, नवीन माणसाने काही टाकायचीही गरज नसते, तरी पैशाची थाळी त्याच्यासमोर जरा जास्त वेळ धरा.

मीटिंग संपली की आपली जुनी गँग घोळक्याने सेव उसळ खायला. घरी गेल्यावरचे दोन-तीन तास सगळ्यात वाईट असतात हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त माहीत, पण म्हणून नंबर द्यायचा? रात्री बारा वाजता फोन केला म्हणजे?

पुढच्या आठवड्यात तो आला नाही तर म्हणायचं, बघा, इच्छाच नव्हती. नंतर खंडेराव मार्केटात भाजी घेताना त्याची मावशी भेटेलच, तिला काळजीपोटी सगळं सविस्तर सांगा, फक्त कोणी सांगितलं ते गुप्त ठेवा म्हणावं, मीटिंगचा नियमच आहे तसा.