‘विज्ञानाने ताऱ्यांपुरतं बोलावं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या बराच फिरत असलेल्या एका मजकुराचा मथितार्थ असा: विज्ञान जग कसं आहे ते सांगतं, कसं असावं ते सांगू शकत नाही. निसर्गात बळी तो कान पिळी हाच कायदा आहे, तेव्हा समतेच्या गप्पा विज्ञानाच्या विरुद्धच जातात. अफाट विश्वात माणूस म्हणजे धुळीचा कण, त्याच्या न्याय-अन्यायाची मातब्बरी ती काय? आकाश न्याहाळणाऱ्यांनी आकाशापुरतं बोलावं. आणि शेवटी हुकमी एक्का: विज्ञान रोज मत बदलतं, त्याच्या भरवशावर समाज कसा चालवायचा?

पहिला मुद्दा अर्धा बरोबर आहे, आणि नवीन तर मुळीच नाही. ‘आहे’वरून ‘असावं’ निघत नाही हे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्येच बजावून ठेवलं. प्रकाशाचा वेग कितीही अचूक मोजा, मतदानाचा हक्क कुणाला द्यावा हे त्यातून कळणार नाही. पण अन्यायाची बाजू घेणारे ‘आम्हाला अन्याय आवडतो’ असं कधी म्हणतात का? ते म्हणतात, ‘यांची बुद्धीच कमी’, ‘तिच्या शरीराला हे झेपायचं नाही’, ‘त्यांचं रक्तच वेगळं’. ही सगळी ‘आहे’ची विधानं झाली, आणि ती तपासता येतात.

१८७३ मध्ये बोस्टनच्या एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी दावा केला की मुलींनी मुलग्यांसारखा अभ्यास केला तर त्यांच्या प्रजननसंस्थेवर वाईट परिणाम होतो. मेरी पटनम जेकोबी या स्वतः डॉक्टर. त्यांनी चिडून भाषण ठोकलं नाही. स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, नाडी मोजली, स्नायूंची ताकद मोजली, आणि पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी काम सोडून पडून राहिलंच पाहिजे या समजुतीला आधार नाही असं दाखवलं. १८७६ मध्ये या निबंधाला हार्वर्डचं बॉयल्स्टन पारितोषिक मिळालं. मुलींनी शिकावं हे जेकोबींना मोजमापातून सुचलं नव्हतं, पण त्या वाटेवर आणून टाकलेला धोंडा मोजमापानेच हलला. वंशाच्या बाबतीतही तेच. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांमधले फरक तपासले, तेव्हा माणसांमधल्या जनुकीय वैविध्याचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच सापडला. म्हणजे ‘त्यांचं रक्तच वेगळं’ याला आधार उरला नाही.

आता ‘बळी तो कान पिळी’. गंमत बघा, विज्ञान समाजाबद्दल काही सांगूच शकत नाही असं पहिल्या मुद्द्यात ठणकावल्यावर दुसऱ्यात लगेच विज्ञानाच्याच तोंडून विषमतेचा निकाल वदवून घेतला आहे. दोन्ही एकाच वेळी चालणार नाही. ‘जो लायक तो टिकेल’ ही शब्दयोजनाही मुळात डार्विनची नव्हे, तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरची, १८६४ची. उत्क्रांतीत लायक म्हणजे दांडगा नव्हे. त्या परिस्थितीत ज्याची संतती टिकते तो लायक, मग ते दांडगाईने साधो, लपून साधो की एकमेकांना धरून. आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका एके काळी स्वतंत्र जगणारे जिवाणू होत्या आणि दुसऱ्या पेशीत वस्तीला आल्या, हे आता जीवशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही असतं. अर्थात त्यावरून सहकार हाच निसर्गाचा आदेश असं मी म्हणणार नाही. देवीचा रोगही नैसर्गिकच होता, आणि १९८० मध्ये तो जगातून गेल्याचं जाहीर झालं तेव्हा निसर्गाचा अपमान झाला म्हणून कुणी रडलं नाही.

इथे एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. सुप्रजननाच्या, म्हणजे ‘लायक’ माणसांचीच संतती वाढावी या कल्पनेच्या, नावाखाली माणसांची नसबंदी झाली ती विज्ञानाचा झेंडा लावूनच. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि त्या देशात एकूण ६०,०००हून जास्त लोकांवर ती लादली गेली. मोठमोठे वैज्ञानिक त्यात होते. पण त्या योजनेचा हिशोब तपासायला लागणारं मूळ गणित, पिढ्यांमधलं जनुकांचं प्रमाण सांगणारं सूत्र, तेव्हाही उपलब्ध होतं, १९०८ पासून. समजा एखादा अप्रभावी (आई-बाप दोघांकडून जनुक आलं तरच दिसणारा) आनुवंशिक दोष १०,००० माणसांत एकाला दिसतो. तर त्याच १०,००० माणसांत सुमारे १९८ जण तो दोष दाखवत नाहीत, पण त्याचं जनुक बाळगून असतात. दोष दिसणाऱ्या प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्या मूल होऊ दिलं नाही तरी त्या जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरा: अडीच हजार वर्षं! शिवाय ज्यांना ‘मंदबुद्धी’ ठरवलं गेलं त्यांच्यातल्या कित्येकांचा ‘दोष’ गरिबी एवढाच होता. म्हणजे ही योजना क्रूर तर होतीच, ती हिशोबातही खोटी होती. तिला विज्ञान म्हणणं हीच तिची पहिली लबाडी.

धुळीच्या कणाबद्दल थोडक्यात. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, आपल्या जातीचं जेमतेम ३ लाख. कबूल. पण आकार आणि वय ही किंमत मोजायची मापं कुणी ठरवली? तसं असेल तर कुठलाही उजाड ग्रह तान्ह्या बाळापेक्षा मोलाचा ठरेल. उलट्या बाजूच्या मंडळींनाही एक सांगायला हवं: ‘आपण सगळे ताऱ्यांच्या राखेतून आलो, म्हणून सगळे समान’ हा युक्तिवाद ऐकायला गोड असला तरी टिकत नाही. रक्तातलं लोह ताऱ्यांत घडलं हे खरं, पण बेडीतलं लोखंडही तिथलंच.

आकाशापुरतं बोलण्याचा चौथा मुद्दा मला सगळ्यात चुकीचा वाटतो, आणि त्याला भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन एकटे पुरेसे आहेत. उल्केतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) त्यांनी पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं काढलं, १९५६ मध्ये. ‘आकाशापुरतं’ काम याहून शुद्ध ते काय असणार? पण मोजताना त्यांना सारखं जादाचं शिसं सापडायचं: हवेत, धुळीत, भांड्यांवर, माणसाच्या केसांत. प्रयोगशाळा विलक्षण स्वच्छ केल्यावरच आकडा जुळला. मग त्यांनी विचारलं, हे शिसं येतंय कुठून? समुद्राच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात ते खोल पाण्यापेक्षा जास्त निघालं, ग्रीनलंडच्या बर्फात अलीकडच्या थरांत झपाट्याने वाढलेलं. बोट मुख्यतः एकाच गोष्टीकडे होतं, १९२३ पासून विकल्या जाणाऱ्या शिसेयुक्त पेट्रोलकडे.

उद्योगाच्या बाजूने रॉबर्ट केहो हे डॉक्टर अनेक वर्षं सांगत होते की शरीरात शिसं असणं स्वाभाविक आहे. १९६५ मध्ये पॅटरसन यांनी याचा पायाच काढला: सर्वांच्या अंगात सापडतं म्हणून ते नैसर्गिक ठरत नाही, सर्वांनाच बाधा झाली असेल तर? पुढे प्राचीन सांगाड्यांशी तुलना झाली तेव्हा आजच्या हाडांत शेकडो पट शिसं निघालं. या विषाचा घाला मुलांच्या मेंदूवर पडतो, आणि अमेरिकेत गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांच्या रक्तात ते जास्त सापडत होतं. पेट्रोलमधून आणि खाद्यपदार्थांच्या डब्यांच्या डागकामातून शिसं कमी होत गेलं तसं तिथल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांमधलं सरासरी प्रमाण १९७६-८० मधल्या दर डेसिलिटरला सुमारे १५ मायक्रोग्रॅमवरून १९८८-९१ पर्यंत ४च्या खाली आलं. वाहनांसाठी असं पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथे ते २०२१ मध्ये थांबलं. या माणसाने उल्केपुरतंच बोलायला हवं होतं?

राहिला हुकमी एक्का, विज्ञान रोज मत बदलतं हा. १९७१ मध्ये मरीनर ९ यान मंगळाजवळ पोचलं तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ होतं. धूळ वरची हवा तापवत होती आणि जमीन गार करत होती. त्या अभ्यासातले काही जण पुढे अणुयुद्धातल्या आगींच्या धुराकडे वळले आणि १९८३ मध्ये आण्विक हिवाळ्याचा इशारा आला: धुराने ऊन अडून जमीन गारठेल, युद्धात नसलेल्या देशांतही पिकं बुडतील. पहिले आकडे फार टोकाचे होते, नंतरच्या प्रारूपांनी ते सौम्य केले, आणखी नंतरच्यांनी पुन्हा गंभीर केले. मत बदललं ते असं, आकडेमोड उघड्यावर ठेवून, कुणालाही चूक काढू देऊन. केहो यांचं मत मात्र दशकानुदशकं जागचं हललं नाही. मजकूर लिहिणाऱ्याला यांतली कुठली स्थिरता हवी आहे, ते त्याने लिहिलेलं नाही.