आधी भिंत, मग सामान

परवा नातीच्या बाहुलीघराचे फोटो इथं टाकले. तुम्ही सगळ्यांनी भरभरून कौतुक केलंत, आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता : एवढंसं जातं कुठं मिळालं, पितळी हंडा कुणी करून दिला, पाट किती मोठा आहे. भिंतीबद्दल कुणीच विचारलं नाही. जमिनीबद्दलही नाही. त्या तीन खोल्यांवर माझे सात महिने गेले. त्यातले पाच भिंती आणि जमिनीवर गेले, सामान उरलेल्या दोनात झालं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सुरुवात विकतच्या संचापासून झाली. मुलानं ऑनलाइन मागवलेला. कापलेल्या प्लायचे तुकडे, चिकटवायचे कागद, सूचनांचं पुस्तक. जोडून झाल्यावर दिसायला सुबक होता. बैठकीच्या खोलीत फायरप्लेस, भिंतीला गुलाबाच्या वेलीचा कागद, स्वयंपाकघरात ओव्हन. नातीनं सगळ्या खोल्यांत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आज्जी, ह्यांचं देवघर कुठंय?" मग भाकरी कशावर करतात, पाणी कशात भरून ठेवतात, असं एकेक विचारत गेली. मला उत्तर देता येईना. आठ दिवसांत ते घर कपाटावर गेलं ते अजून तिथंच आहे.

घर वाईट नव्हतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. ज्यांनी ही कला वाढवली त्यांनी आपापलीच घरं केली आहेत. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऊर्टमन नावाच्या बाईंचं बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० या काळातलं. त्यात बाळंतिणीची खोलीसुद्धा आहे, कारण त्यांच्या घरांत ती असायची. इंग्लंडच्या राणी मेरीचं बाहुलीघर विंडसरच्या किल्ल्यात आहे. ते १९२१ ते १९२४ या काळात झालं, आणि आराखडा एडविन लट्यन्सचा, जो तेव्हा नवी दिल्लीही उभारत होता. नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते. तो राजवाडा आहे, कारण करवून घेणारे राजवाड्यातले होते. मग सांगलीतल्या आज्जीनं सांगलीतलं घर करायचं, यात वेगळं काय?

कुठलं घर करायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं, म्हणजे जुन्या वस्तीतलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमचं माजघर पाण्याखाली गेलं. पाणी उतरल्यावर मातीच्या भिंतींनी पोट काढलं. भावांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग घर उतरवलं. त्यात कुणाची चूक नाही, तशा भिंतीखाली माणसं कशी झोपवणार? घर उतरवताना मी ढिगाऱ्यातून गिलाव्याचा तळहाताएवढा एक पोपडा उचलून आणला होता. पिशवीत घालून ठेवला, कशासाठी ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

मापं कुणी लिहून ठेवलेली नव्हती. पण आमच्याकडे घर खणांत मोजत. एक खण म्हणजे साधारण पाच फूट. माजघर तीन खण लांब, दोन खण रुंद. एक फुटाला एक इंच हे माप धरलं, की माजघर झालं पंधरा इंच बाय दहा. दार साडेपाच फुटी आणि वाकून जायचं, म्हणून साडेपाच इंच. जेवायचं ताट फुटाचं, म्हणजे एक इंच. हे हिशेब कुणालाही जमतील. भातुकली मात्र यात बसत नाही, हे लक्षात ठेवा. माझ्या भातुकलीतला दोन इंची हंडा मी हौसेनं आत ठेवला, तर तो दोन फुटी रांजण दिसायला लागला. भातुकली हाताच्या मापाची असते आणि बाहुलीघर बाहुलीच्या मापाचं. दोन्ही एकत्र केली की दोन्हींची शोभा जाते.

आता भिंत.

मापं लहान करणं सोपं आहे. खरखर, चमक आणि रंग लहान करणं अवघड. आपण लांबी-रुंदी बारा पटींनी कमी करतो, पण भिंतीवरचा कण आहे तेवढाच ठेवतो. मी पहिल्यांदा वाळू घालून गिलावा केला. चाळलेली वाळूसुद्धा त्या भिंतीवर खडीसारखी दिसली. मग पुट्टीत टाल्कम पावडर मिसळून पातळ थर दिला, ओला असतानाच जुन्या मलमलच्या बोळ्यानं टिपला, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. तेव्हा कुठं चुन्याची भिंत दिसायला लागली. कोपरे मुद्दाम काटकोनात ठेवले नाहीत, हातानं लिंपलेल्या भिंतीचे कोपरे गोलसर असतात.

रंगासाठी तो पोपडा काढला. त्याची कड भिंगातून पाहिली तर थर मोजता आले. वर पुराच्या गाळाचा तांबूस लेप, त्याखाली क्रीम डिस्टेंपर (धाकट्या भावाच्या लग्नातला), त्याखाली पिस्ता, आणि सगळ्यात आत चुना, निळ घातलेला. मला हवा होता तो हाच. माझ्या लहानपणी दिवाळीआधी चुन्याच्या बादलीत निळीची पुरचुंडी बुडवून हलवायचं काम माझ्याकडे असायचं. रंग जसाच्या तसा जुळवून लावला, तर खोली अंधारी वाटली. लहान खोलीत उजेड कमी शिरतो आणि तोच रंग गडद दिसतो. पाच भाग रंगात एक भाग पांढरा घातला, तेव्हा जमलं. नवीन करणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीशी बांधावी : रंग एक छटा फिका घ्या, आणि चमकणारा घेऊ नका. चकाकी लहान होत नाही. ऑइलपेंट लावलेली चार इंची भिंत प्लास्टिकची दिसते. स्वयंपाकघरात मोरीपाशी आमच्याकडे खरंच ऑइलपेंटचा पट्टा होता. तोसुद्धा मी साध्या रंगानंच काढला आणि वर मेणाचं बोट फिरवलं.

हे सगळं भिंती उभ्या करण्याआधी, सपाट टेबलावर करायचं. आधी कोरडी जोडणी करून बघा, पेन्सिलीनं खुणा करा, पुन्हा सुटं करा. दिव्यांच्या वायरीच्या खाचा गिलाव्याआधी. मग छत, मग भिंत, मग जमीन. आणि प्लायच्या एकाच बाजूला ओला लेप दिलात तर ती वाळताना पापडासारखी वळते. माझी पहिली भिंत अशीच गेली. मागच्या बाजूलाही एक हात द्या, बाहेरून कुणाला दिसणार नसला तरी.

जमिनीत माझा सगळ्यात जास्त जीव रमला. स्वयंपाकघर सारवलेलं हवं होतं. शेण वापरून पाहिलं, पण त्यातला गवताचा तंतू त्या मापात काडीएवढा होतो. शेवटी नदीकाठचा गाळ वस्त्रगाळ करून फेविकॉलच्या पाण्यात कालवला. आता सारवताना आई हात अर्धगोल फिरवायची आणि चार बोटांच्या रेषा उमटायच्या. त्या नसल्या तर ते सारवण नव्हे, नुसता चिखल. माझं बोट पाऊण इंचाचं, बाहुलीच्या आईचं दीड मिलिमीटरचं. चार जाड सुया नेढं खाली करून एकत्र बांधल्या आणि ओल्या लेपावर अर्धगोल फिरवल्या. एक ओळ, तिला लागून दुसरी, मागं सरकत दारापर्यंत. आई जशी दाराकडे सरकत यायची. ती जमीन वाळल्यावर मी दिवसभर काही केलं नाही, नुसती बघत बसले.

सोप्याला, म्हणजे पुढच्या खोलीला, शहाबादी फरशी. दोन फुटी फरशी, म्हणजे दोन इंची पुठ्ठ्याचे तुकडे. सगळे एकाच करड्या रंगाचे करू नका. शहाबादीत निळसर, पिवळट, हिरवट छटा असतात. फरश्यांमधल्या फटी भरायला पुट्टीत थोडी राख.

मग चुलीमागची काजळी. यावर आमच्या शेजारच्या वहिनींशी माझा खरोखरचा वाद झाला. त्या म्हणाल्या, "अहो, नातीला द्यायचं घर. एवढी सुंदर भिंत केलीत आणि त्यावर काळं फासताय? घर कसं लख्ख असावं." त्यांचं म्हणणं प्रेमाचं होतं, आणि बऱ्याच जणांना तसंच वाटेल. पण मला ते पटत नाही. जिथं चूल पेटते तिथं भिंत काळी होते. चुलीमागची भिंत पांढरीशुभ्र ठेवली तर त्या चुलीवर कधी काही शिजलेलं नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि मुलांना ते न सांगता कळतं. अमेरिकेत फ्रान्सेस ग्लेसनर ली या बाईंनी १९४० च्या दशकात पोलिसांना तपास शिकवण्यासाठी याच मापाच्या खोल्या केल्या. बारीक मोजेसुद्धा त्यांनी टाचण्यांवर विणले. त्या खोल्या खऱ्या वाटतात त्या तिथं कुणीतरी राहत होतं हे दिसतं म्हणून. काजळी भरायची तर कोळशाची वस्त्रगाळ पूड, कोरडा ब्रश, खाली अरुंद आणि वर पसरत. खुंटीखाली पिशव्या घासून पडलेला डाग, उंबऱ्याच्या मधोमध झिजलेली जागा, दिवळीत दिव्याचं तेलकट वर्तुळ. एवढं पुरे. सगळीकडे डाग टाकलेत तर घर वापरलेलं न दिसता टाकलेलं दिसेल.

कापड हा माझा विषय. बत्तीस वर्षं ब्लाउज शिवतेय, कातरणाची गाठोडी भरलेली आहेत. तरी सांगते, नवं कापड बाहुलीघरात चालत नाही. साडेपाच फुटी पडदा स्वतःच्या वजनानं लोंबतो, साडेपाच इंची तुकड्याला वजनच नसतं, तो फुगून उभा राहतो. खूप धुतलेली मलमल घ्या, भाताच्या पेजेची खळ करून त्यात भिजवा, टाचण्यांनी चुण्या धरा आणि रात्रभर वाळू द्या. खणाचं कापड कितीही आवडलं तरी घेऊ नका. त्यातलं बोटभर फूल बाहुलीच्या खोलीत थाळीएवढं दिसतं. गोधडी मात्र मी केली, सहा इंच बाय चार. एकपदरी रेशमी दोरा, मिलिमीटरभराचा टाका. दोन महिने रोज दुपारी उजेड चांगला असेल तेवढाच वेळ.

लाकडाचं थोडक्यात. सागाच्या रेषा मोठ्या दिसतात. आईस्क्रीमच्या काड्यांचं लाकूड जास्त बरं. चहाच्या पाण्यात रंगवायचं ते चिकटवण्याआधी, कारण फेविकॉल लागलेल्या जागी रंग चढत नाही. पॉलिशसाठी मी मिरजेला गेले. सतारी-तंबोरे करणाऱ्या एका चाचांच्या दुकानात अर्धा दिवस बसले. त्यांनी तुणाच्या लाकडाचे चार तुकडे दिले आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख बोळ्यानं कशी फिरवायची ते दाखवलं. "ताई, घाई नको. पहिला हात लाकडाला प्यायला द्यायचा," म्हणाले. तुणाच्या रेषाही माझ्या कामाला मोठ्याच निघाल्या, पण तो हात शिकून आले. त्यांच्यासारखी चमक आणली आणि मग बारीक पेपरनं उतरवली. तुळयांवर आता चाळीस वर्षं हात फिरल्यासारखा पोत आहे.

दिव्यांबद्दल एक कळकळीची विनंती. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच लहान दिव्यांना बटणासारखे चपटे सेल असतात. लहान मुलं असलेल्या घरात ते नकोतच. मुलानं असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. मी पेन्सिल सेलचे दोन खण असलेली, स्क्रूनं बंद होणारी डबी घराच्या मागच्या बाजूला बसवली आहे. दोन सेलचे तीन व्होल्ट होतात आणि तीन व्होल्टचा पिवळसर एलईडी त्यावर छान चालतो. पांढरा उजेड घेऊ नका, जुन्या बल्बचा उजेड पिवळा असायचा. आणि तीन वर्षांच्या आतल्या मुलांना या घराजवळ एकटं सोडू नका. मण्याचा तांब्या आणि टिचबटणाचं झाकण तोंडात जायला वेळ लागत नाही.

सामान म्हणाल तर, तुम्ही विचारलेलं जातं पुट्टीचं आहे, हंडा पितळी पत्र्याचा, देवघरातली घंटा म्हणजे एक घुंगरू. झालं.

पुराची रेषा भिंतीवर काढायची का, यावर मी बरेच दिवस विचार केला. काढली नाही. हे घर मी सात-आठ वर्षांची असतानाचं आहे, तेव्हा त्या भिंतीला तेवढं पाणी माहीत नव्हतं. तो पोपडा मात्र तळाच्या फळीखाली एका कप्प्यात ठेवलाय. नातीला माहीत आहे. मैत्रिणी आल्या की ती आधी तो काढून दाखवते, थर मोजायला लावते, आणि मग चुलीपाशी बाहुलीला बसवते.

माडी अजून बाकी आहे. माडीवर नक्षीच्या सिमेंटच्या फरश्या होत्या, आठ इंची, तांबडा-काळा-पिवळा. नक्षी मला अर्धीच आठवते आणि आठवणीतून काढलेली चार वेळा चुकली. सांगली-मिरजेत कुणाच्या जुन्या घरात अशा फरश्या असतील तर बरोबर वरून एक फोटो काढाल का? शेजारी पट्टी ठेवा, फ्लॅश नको, आणि ओल्या फडक्यानं पुसून घ्या म्हणजे रंग उघडे पडतील. फोटो मेसेंजरवर पाठवा. कड तुटलेली फरशी असली तरी चालेल.