दहा प्लायचे टायर घातले म्हणून पिकअप जास्त माल उचलत नाही

पिकअपवाल्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं: दहा प्लायचे टायर घाला, टायरवर लिहिलीय तेवढी हवा ठोका आणि दीडपट माल भरा, साइज जुळला की बाकी आकडे बघायचं कारण नाही. कुणीतरी हे खरं मानून गाडी भरेल याची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘साइज तोच, म्हणजे टायर तोच.’ दोन टायर शेजारी ठेवून वाचा. एकावर पी २६५/७० आर १७ आणि पुढे ११५ टी, दुसऱ्यावर एलटी २६५/७० आर १७ आणि पुढे १२१/११८ एस. रुंदी २६५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची तिच्या ७० टक्के, रिम १७ इंची, इथवर सगळं सारखं. पण पुढचा आकडा लोड इंडेक्सचा, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक: ११५ म्हणजे एका टायरला १२१५ किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. तिरक्या रेघेपुढचा ११८, म्हणजे १३२० किलो, हा मागे जोडटायर असलेल्या गाडीसाठी. शेवटचं अक्षर वेगमर्यादेचं: टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एस म्हणजे १८०. त्यात एलटी हा हलक्या ट्रकचा टायर आणि पी हा मुळात कारचा. तो पिकअपला लावला तर अमेरिकी मानकांप्रमाणे त्याची क्षमता १.१० ने भागून धरतात. १२१५ चे साधारण ११०५ किलोच उरतात.

‘जाड नक्षीचा ऑल टेरेन टायर म्हणजे जास्त लोडचा.’ नाही. ऑल टेरेन टायर पी आणि एलटी दोन्हींत मिळतात. नक्षीवरून लोड कळत नाही.

‘दहा प्लाय म्हणजे आत दहा थर.’ सुती दोऱ्यांच्या काळात हे खरं होतं. आता तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. टायरवर तो लोड रेंज म्हणून अक्षरात लिहितात: सी म्हणजे सहा प्लायचा, डी आठचा, ई दहाचा. टायर कापून पाहिला तर दहा थर सापडणार नाहीत.

‘दहा प्लाय वजन पेलतंच.’ खरा धोका या वाक्यात आहे. वजन पेलते ती टायरमधली हवा. वरच्या एलटी टायरचे १४५० किलो ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला आहेत. लोक नवा टायर घालतात आणि दाराच्या चौकटीवरचा जुना स्टिकर बघून ३५ भरतात. तेवढ्या हवेवर हा दणकट टायर आधीच्या पी टायरपेक्षाही कमी वजन पेलतो. साइडवॉल कडक असल्यामुळे तो बसलेला दिसत नाही, लाथ मारून तर काहीच कळत नाही. पण प्रत्येक फेऱ्याला तो वाकत राहतो, आतून तापत जातो. वाटेत थांबून हात लावाल तर बाकीच्या टायरांपेक्षा तो स्पष्ट गरम लागेल. अशीच उष्णता वाढत गेली की स्टीलच्या पट्ट्यांवरून नक्षी सालीसारखी सुटते, तीही नेमकी गाडी भरलेली आणि वेगात असताना.

‘मग टायरवरचा आकडा गाठा.’ ८० पीएसआय भरून रिकामी गाडी चालवून बघा. मागचा भाग उड्या मारतो, टायर मधोमध झिजतो, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते. टायरचा प्रकार बदलला की कंपनीचा लोड आणि हवेचा तक्ता मागून घ्या. माल भरून गाडी काट्यावर न्या, आधी पुढची चाकं, मग मागची अशी वेगवेगळी तोला आणि त्या वजनाला तक्त्यात जी हवा असेल ती थंड टायरमध्ये भरा. मात्र गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या हवेच्या खाली जाऊ नका.

‘दीडपट माल भरा.’ १४५० चे दोन टायर म्हणजे २९०० किलो, हिशोब बरोबर. पण समजा स्टिकरवर मागच्या एक्सलची मर्यादा १७५० किलो आहे. टायर बदलल्यावरही ती १७५० च राहते, कारण पाटे, बेअरिंग, ब्रेक सगळं जुनंच आहे. रिमलाही वजनाची आणि हवेची स्वतःची मर्यादा असते. व्हॉल्व्ह तर कुणी बघतच नाही. नेहमीचा रबरी व्हॉल्व्ह साधारण ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. त्यात ८० भरायची असेल तर टायर चढवतानाच जास्त दाबाचा व्हॉल्व्ह मागून घ्या.