एक स्टार दिलेल्या सरांना उत्तर: माल पूर्ण टाकला होता

नमस्कार सर. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. पावसात तुमच्या नव्या रस्त्याची खडी वाहून खाली फाटकाशी जमली, गाडी वर चढेना, हे वाचून वाईट वाटलं. कामाला उशीर झाला हेही खरं, क्रशर बंद होता. पण "१५ ब्रासचे पैसे घेतले आणि १० ब्रासच टाकली" असं जे चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. गावात आमचं नाव आहे सर.

हिशेब इथंच मांडतो. रस्ता ३०० फूट लांब, १० फूट रुंद, मुरमावर खडी-कच (खडी आणि दगडाचा बारीक चुरा) सहा इंच. झाले १५०० घनफूट. १०० घनफुटाची एक ब्रास, म्हणजे १५ ब्रास. पण हे माप सुट्या मालाचं. हायवातून, म्हणजे मोठ्या डंपरमधून, पडलेल्या खडीत पोकळी असते. पाणी मारून रोलर फिरला की सहा इंचाचा थर साडेचार-पाचावर बसतो. बसलाच नाही तर दबाई झाली नाही म्हणायचं! तुम्ही टेप लावला तो दबलेल्या थराला, आणि तोही चाकोरीत, जिथला माल आधीच धुऊन गेलाय. तिथं चार इंच भरणारच, त्यावरून तुमची १० ब्रास निघाली.

आणि पहिली हायवा आली तेव्हा तुमचेच मेहुणे फाळक्यावर चढले होते. टेप धरून लांबी-रुंदी-उंची घेतली, वरचा ढीग फावड्यानं सपाट करायला लावला, मग खाली करू दिली. आमचा ड्रायव्हर उन्हात उभा होता, एका शब्दानं बोलला नाही. त्यांना विचारा.

खडी का वाहिली, तेही सांगतो. डोंगराच्या अंगाला पाणी जायला चारी आणि रस्त्याखालून दोन आडवे पाईप कोटेशनमध्ये होते. ते तुम्ही स्वतः पेनानं खोडलेत. "बीडला पाऊस पडतो कुठं," म्हणालात. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सिंदफणेनं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. रस्त्याला मधे उंचवटा आम्ही दिलाच होता, पण वरच्या माळाचं सगळं पाणी रस्त्यावर उतरलं तर तो उंचवटा काय करणार? उतारावर आधी पाण्याची सोय, मग खडी. हे आम्ही तेव्हाही बोललो होतो, पण ग्राहकाशी किती वाद घालायचा.

राहिलेल्या रकमेचा विषय इथं काढत नाही.

यापुढं चारी नको असेल तर तसं लेखी घेऊ, दबाईआधीचं आणि नंतरचं माप ग्राहकासमोर दाखवू, अजूनही काही सुधारणा करायलोत. खाली जमलेली खडी वर ओढून रोलर फिरवून देतो, मजुरी घेणार नाही. चारीचा खर्च मात्र तुमचा. रोलर सध्या दुसऱ्या साईटवर आहे, मोकळा झाला की येतो. फोन तेवढा उचला.