जो उठतो तो 'साकुरा'? उठू द्या की!

जपानी पॉप ऐकणाऱ्या आपल्या मंडळींचं एक ठरलेलं गाऱ्हाणं आहे. "अरे, या लोकांना गाण्याला दुसरं नावच सुचत नाही का? जो उठतो तो साकुरा!" (साकुरा म्हणजे चेरीची फुलं, चेरीचा बहर.) परवा पुन्हा एकाने हेच ऐकवलं, म्हणून हा पोस्टप्रपंच. लांब आहे, चहा घेऊन बसा.

तक्रार खोटी नाही. कराओकेची गाणी तिथे उच्चाराप्रमाणे, वर्णक्रमाने लावलेली असतात. तो क्रम आपल्याला परका नाही बरं का: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकली, त्या वर्णमालेच्या वळणावर हा क्रम बसलेला आहे. तर या 'सा'च्या रांगेत 'साकुरा'पाशी पोचलात की पडदा सरकवत राहा, गाणी संपतच नाहीत. कोणी नाव चित्रलिपीत लिहिलंय, कोणी हिरागाना या जपानी अक्षरांत, कोणी थेट रोमन अक्षरांत. कानाला सगळं एकच.

पण म्हणून "सुचत नाही"? आपल्याकडे पावसावर एवढ्या कविता झाल्या, त्यांना कोणी असं विचारतं का? जपानात शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं, नवं एप्रिलमध्ये सुरू होतं. नोकरीवर रुजू होण्याचा दिवसही बहुतेकांचा १ एप्रिलच. आणि तोक्योत साकुराची झाडं फुलतात मार्चच्या शेवटाला, म्हणजे नेमकी निरोप आणि नवी सुरुवात यांच्या फटीत. जेमतेम आठवडाभर पूर्ण बहर, की गळायला सुरुवात. गीतकाराला आयतं मिळालंय हे सगळं, तो कशाला सोडेल?

मला मजा वाटते ती नाव एकच ठेवून प्रत्येक जण कुठल्या कुठे जातो याची. मोरियामा नाओतारोचं 'साकुरा' (२००३) म्हणजे नुसता पियानो आणि त्याचा तो वर चढत जाणारा आवाज. मित्राचा निरोप घेतोय, बस्स. शाळांच्या निरोप समारंभात ते हमखास गायलं जातं. दोनच वर्षांनी केत्सुमेइशीचं 'साकुरा' आलं, ते रॅप. तेही पहिल्या नंबरावर. जाता जाता, केत्सुमेइशी हे एका काढ्याच्या औषधाचं नाव आहे, आणि त्या बिया टाकळ्याच्या! कोकणात पावसाळ्यात ज्याची भाजी करतात, तोच टाकळा. बँडला हे नाव ठेवणारे लोक मला गाणं ऐकायच्या आधीच आवडले होते.

त्याच २००५ मध्ये कोबुकुरोचं 'साकुरा' निघालं, आणि तेही नोव्हेंबरात! हे दोघं ओसाकाजवळच्या साकाईत रस्त्यावर गायचे, तेव्हाचं जुनं गाणं ते. हंगाम बघून काढलेलं नाही, आणि तरी चाललं. "सगळा मार्चचा धंदा आहे" म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

माझं स्वतःचं लाडकं मात्र इकिमोनोगाकारीचं, २००६ चं. मोठ्या कंपनीकडून आलेलं त्यांचं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं गाणं. ही कानागावातल्या आत्सुगी-एबिना भागातली पोरं, तिथल्या स्टेशनांबाहेर उभं राहून गाणारी. वर्गातल्या माशांना खायला घालायचं काम ज्या मुलांकडे असतं, ते म्हणजे 'इकिमोनोगाकारी'. गाण्यात फुलं आहेतच, पण ती दिसतात ओदाक्यू लाइनच्या गाडीच्या खिडकीत. शिंजुकुहून ओदावाराकडे जाणारी, ऑफिसची गर्दी कोंबलेली ती ओदाक्यू! एवढ्या एका उल्लेखाने गाणं पोस्टकार्डावरून उतरून माणसांत येतं. त्यांची गायिका योशिओका कियोए, तिचा आवाजही असा, की रडत नाही, हट्टाने पुढे गात राहते.

फुकुयामा मासाहारूचं 'साकुराझाका' (२०००) तर चक्क पत्ता आहे. तोक्योच्या ओता भागात, नुमाबे स्टेशनजवळ हा चढ खरोखर आहे, वर लाल पूल आहे. वीस लाखांच्या वर सिंगल्स खपली, आणि लोक तो चढ बघायला जायला लागले. घराबाहेर फोटो काढणाऱ्यांची झुंबड बघून तिथल्या रहिवाशांचं काय झालं असेल, देव जाणे.

आणि नुसत्या पहिल्या तीन अक्षरांवर गेलात तर फसाल. ओत्सुका आई या गायिकेचं ('आई' हे तिचं नावच आहे बरं का) 'साकुरांबो' (२००३) फुलाचं नाहीच, फळाचं आहे, चेरीचं. त्यात निरोप नाही, अश्रू नाहीत, निव्वळ धिंगाणा. शेवटाकडे ती "मो इक्काई!", म्हणजे "पुन्हा एकदा!", असं ओरडते. कराओकेत तेव्हा माइक नसलेलेही ओरडतात. दिवसभर मान खाली घालून बसणारे साहेबसुद्धा.

आता दुसरी बाजूही बोलतो, नाहीतर म्हणाल आंधळा भक्त आहे. एकेफोर्टीएट (AKB48), हा मुलींचा भलामोठा गायन-समूह. 'साकुरा नो हानाबिराताची' २००६, '१० नेन झाकुरा' २००९, 'साकुरा नो शिओरी' २०१०, 'साकुरा नो की नी नारो' २०११. चारही फेब्रुवारी-मार्चमध्येच! पहिलं मला अजूनही मनापासून आवडतं, त्यात शाळकरी कच्चेपणा खरा वाटतो. पुढे मात्र कॅलेंडर बघून गाणी काढल्यासारखी वाटतात. इथे गाऱ्हाणं करणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

पण त्या चार गाण्यांचा राग बाकीच्यांवर काढू नका. कोबुकुरो आणि इकिमोनोगाकारी पाठोपाठ ऐका, आणि मग या भांडायला. ओत्सुका आईचं मोजायचं की नाही, तेही तेव्हाच ठरवू.