प्लेग, उजेड आणि पाडलेली घरे

१८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही शहर सुधारण्यासाठीची सरकारी संस्था आली आणि शहर निरोगी झाले, ही मांडणी मला अपुरी वाटते. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या या ट्रस्टने नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडल्या, सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. परंतु घरे जितक्या झपाट्याने पाडली गेली तितक्या झपाट्याने बांधली गेली नाहीत, त्यामुळे बेघर झालेली कुटुंबे शेजारच्याच कोंदट चाळींत दाटीवाटीने शिरली. खोल्यांत उजेड यावा म्हणून ठरवलेला साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम, म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या साधारण दुपटीहून जास्त नसावी हा नियम, शहाणपणाचाच होता. मात्र प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा, आणि भाडे परवडत नसलेल्या गिरणी कामगाराला कोन मोजून काय मिळणार होते?