पार्टी चांगली आहे

मालककाकांनी चहाला बोलावलं, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पुण्यात घरमालक भाडेकरूला चहाला बोलावतो तो एक तर भाडं वाढवायला, नाही तर मुलगा अमेरिकेहून कायमचा परत येतोय हे सांगायला. काकांचा मुलगा न्यू जर्सीत सुखात आहे. आमचा लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, म्हणजे दर दहाव्या महिन्यात चहा. या वेळी २४ हजारांवरून थेट २८.

"बघा बुवा, परवडत असेल तर," काका म्हणाले आणि खारीची बशी पुढे सरकवली. मी दोन खाऱ्या उचलल्या. पुढच्या वर्षीची काय खात्री?

रात्री जेवणं आटोपल्यावर मी शोधयंत्रात 'कोथरूडमध्ये टू बीएचके भाड्याने' असं टाइप केलं. माझा समज असा, की ज्याला एव्हरेस्टची उंची क्षणात सांगता येते त्याला डहाणूकर कॉलनीत रिकामा फ्लॅट कुठला हे ठाऊक असणारच. त्याने आधी जाहिराती दाखवल्या, सगळ्या भाड्याची घरं दाखवणाऱ्या संकेतस्थळांच्या. त्यांच्याखाली तीच संकेतस्थळं पुन्हा, या वेळी फुकट. मंडईच्या दारात एकाने चौकशीची खुर्ची टाकावी, 'भेंडी कुठे मिळेल?' असं विचारल्यावर आपल्याला पैसे देणाऱ्या भाजीवाल्याकडे बोट दाखवावं, आणि त्या भाजीवाल्याने पैसे मोजून वर त्याच्याच नावाने बोटं मोडावीत, तसला हा व्यवहार.

भाजीवाल्याला भीती असते ती हा खुर्चीवाला एक दिवस स्वतःच भेंडी विकायला बसेल याची. ती अगदीच खोटी नाही. गूगलने २००९ च्या सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा काही देशांत विक्रीची आणि भाड्याची घरं थेट नकाशावर दाखवायला सुरुवात केली होती. २०११ मध्ये गाशा गुंडाळला. वापरणारे कमी, आणि घरांच्या संकेतस्थळांवर चांगल्या सोयी आहेतच, असं त्यांनीच सांगितलं. मला विचाराल तर खरी अडचण निराळी. एव्हरेस्ट सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळीही असतं. भाड्याचं घर सकाळी असतं, आणि दुपारी 'सॉरी सर, टोकन आलं.'

बाकी बाजारांत मात्र ही भांडणं भलतीकडे गेली. ब्रिटनमधल्या एका नवरा-बायकोने किमतींची तुलना करणारं संकेतस्थळ काढलं, ते गूगलच्या निकालांत दिसेनासं झालं, म्हणून २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड झाला आणि २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने तो कायम केला. नवरा-बायकोने पंधरा वर्षं एकाच मुद्द्यावर एकमत टिकवलं, याचंच मला जास्त कौतुक आहे. आमचं बेसिन कुठल्या बाजूला असावं यावर अजून होत नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये भारतमॅट्रिमनी चालवणारी कंपनी आणि एक ग्राहक संघटना स्पर्धा आयोगाकडे गेल्या. २०१८ मध्ये गूगलला १३५ कोटी ८६ लाखांचा दंड झाला, पण आयोगाच्या डोळ्यांत मुख्यतः खुपली ती विमानांची माहिती दाखवणारी चौकट. तक्रार करणाऱ्यांत लग्नं जुळवणारे, आणि ठपका विमानांवरून!

असो. मी आपला एका संकेतस्थळावर गेलो. आयआयटी मुंबईच्या बारा मुलांनी २०१२ मध्ये हाउसिंग डॉट कॉम काढलं, ते मुंबईत राहायला जागा शोधताना झालेल्या हालांतून, असं सांगतात. माझे हाल एका निराळ्याच संकेतस्थळावर झाले. त्याचं नाव सांगत नाही, कारण त्यांच्याकडे माझा नंबर आहे.

तो नंबर दिल्याशिवाय मालकाचा नंबर दिसत नव्हता. दिला. चहाचं आधण उकळायच्या आत अकरा फोन.

"सर, फॅमिली का बॅचलर?"

"फॅमिली."

"नक्की ना?"

मी बायकोकडे बघितलं. "आजपर्यंत तरी."

मग घरं बघणं सुरू झालं. वारज्यातल्या एका फ्लॅटच्या फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता. 'वनाझ मेट्रोपासून पाच मिनिटं' असलेलं घर शिवण्यात निघालं. शिवण्याहून पाच मिनिटांत वनाझ गाठायचं तर रात्री तीनला निघून एकही सिग्नल न पाळता जायला हवं, म्हणजे पुण्यात तसं अशक्य नाही. एकच फ्लॅट तीन संकेतस्थळांवर तीन भाड्यांना होता, आणि तिन्ही ठिकाणी आधीच गेलेला होता.

'थेट मालकाकडून' या खुणेवर टिचकी मारली, तर फोन उचलणारा म्हणाला, "मी ओनरचा भाचाच समजा." घर दाखवून झाल्यावर भाच्याने एक महिन्याचं भाडं मागितलं. मी म्हटलं, मामांशीच बोलतो. मामांचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि एकूण चेहऱ्यावरून भाच्याकडेही नसावा.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की या सगळ्या भानगडीत भाड्याने लागलेली एकमेव जागा म्हणजे माझा मोबाइल नंबर. वेगवेगळ्या माणसांना, एकाच वेळी, तेही फर्निश्ड.

रविवारी पुन्हा फोन. आवाज नवीन, उत्साह तोच.

"सर, एकदम तुमच्या बजेटमध्ये! डहाणूकर कॉलनी, थर्ड फ्लोअर, हवेशीर. फोटो टाकतो."

फोटो आले. हॉल बरा होता. बाल्कनीच्या दोरीवर एक चौकटीचा टॉवेल वाळत होता, तो ओळखीचा वाटला. पुढच्या फोटोत बेडरूमच्या भिंतीवर स्केचपेनने काढलेला हिरवा डायनासोर होता. तो काढल्याबद्दल मी मुलाला रागावलो होतो.

"भाडं किती म्हणालात?" मी आवाज सांभाळून विचारलं.

"साडेसव्वीस. पण पंचवीसपर्यंत बसवतो. ओनर चांगला आहे, म्हातारा माणूस."

मला दोनच खाऱ्या उचलल्याचा पश्चात्ताप झाला.

"आत्ता कोण राहतं तिथे?"

"आहे एक फॅमिली. महिनाअखेर सोडतायत. जरा किरकिरे आहेत म्हणे, पाणी येत नाही म्हणून सोसायटीला सारखी पत्रं लिहितात. तुम्हाला काय करायचंय त्यांच्याशी?"

सारखी? चार पत्रं लिहिली, दोन वर्षांत. आणि पाणी खरंच येत नाही. पण हे मी बोललो नाही, कारण पंचवीस हजारांत हे घर वाईट नव्हतं.

"बघायला कधी येऊ?"

"उद्या संध्याकाळी सहाला? थांबा, आधी भाडेकरूंना विचारून कन्फर्म करतो."

त्याने फोन ठेवला. स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. काकांनी तिचाच नंबर दिला असणार, माझा हल्ली लागतच नाही. ती 'हो, हो, चालेल' म्हणाली आणि हात पुसत बाहेर आली.

"उद्या सहाला घर बघायला कुणीतरी येतंय. पार्टी चांगली आहे म्हणाला, घासाघीस करत नाहीत." मग तिची नजर बाल्कनीकडे गेली. "आणि तो टॉवेल काढ आधी तिथला. लोक काय म्हणतील?"